रेषेवरचा बॉल

मंडळी, माझी धाकटी बहीण स्नेहल आज इथं आमच्या लातूरला व्यावसायिक टेनिसपटू म्हणून पहिला सामना खेळली आणि जिंकली. तिचा कॉलेजचा शेवटचा हंगाम नुकताच संपला. बाबांनी तिला एक वर्ष दिलंय. जमलं नाही तर लग्न.

या पात्रता फेरीत रेषेवर पंच नव्हते. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे खेळाडूनंच सांगायचं. नांदेडला कॉलेजच्या कोर्टवर मुलींची रीत होती, की शंका आली तर पॉइंट समोरचीला द्यायचा.

स्नेहल तशीच खेळली. समोरची मात्र रेषेवरचे बॉलही बाहेर सांगत होती. पहिला सेट गेला.

जाळीमागून बाबा ओरडले, "अगं, पॉइंट काय वाटून राहिलीस? परसाद हाय का? कॉलेज सरलं आता, तू बी आऊट म्हण की!"

तिनं बाबांकडे पाहिलं नाही. दुसरा सेट तिनं झुंजून घेतला. तिसऱ्याच्या शेवटी समोरचीचा बॉल माझ्या डोळ्यांदेखत रेषेवर पडला. स्नेहलनं बोट वर केलं.

"आऊट."

त्या पॉइंटवर सामना संपला. बाबा टाळ्या वाजवत उभे राहिले. ती बॅग घेऊन बाहेर आली.

"आत होता गं," मी हळूच म्हणाले.

"माहितेय ताई," ती म्हणाली आणि उद्याच्या सामन्याची वेळ विचारायला गेली.

आता घरी शेजारीपाजारी पेढे घेऊन आलेत. सामना कसा झाला, असं मला विचारतायत. तुम्ही काय सांगितलं असतं?