अण्णांचा रेपो रेट

रेपो रेट जाहीर व्हायचा त्या सकाळी रंगनाथअण्णा कारखान्यातलं वेल्डिंग बंद करायला लावत आणि टीव्हीसमोर बसून शिव्या घालत. द्वारका चौकाजवळ त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. शेजारी माझं स्पेअर पार्टचं दुकान. दर उतरला तरी शिव्या त्याच. "तिकडं मुंबईत ह्यांनी बोट हलवलं का हितं माझी मान मोडती," म्हणायचे.

खरंच मोडली होती. महागाई आवरायला व्याज वाढत गेलं, तशी लोकांनी नवे ट्रक घेणं थांबवलं. त्यातच ज्या उचलीवर अण्णांचा पत्रा आणि लाकूड यायचं, ती बँकेने ऐन हंगामात निम्मी केली. मॅनेजरने त्यांना दुपारभर बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी म्हणाला, "वरून आलंय, काका." दिवाळीआधीच कारागीर पांगले. युसूफ मिस्त्री, अण्णांचा उजवा हात, मालेगावला परतला. त्याला एसटीत बसवून आले त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

पुढे दर उतरले. तोच मॅनेजर मिठाईचा डबा घेऊन कर्ज द्यायला दारात आला. अण्णांनी त्याला भर उन्हात, भंगाराच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसवलं. आत आम्ही दोघं चहा प्यायलो. मला तर दुसरा कपही गोड लागला. मग बाहेर येऊन अण्णांनी डबा त्याच्या मांडीवर परत ठेवला. "वर इचारून सांगतो, साहेब. आमचं वरचं लय कडक हाय."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, स्वस्तात मिळतंय. ऑर्डरी समोरच्याकडे चालल्यात."

"जाऊ दे. मरंन, पण त्याचं टार्गेट पुरं करणार नाय."

शेवटपर्यंत अर्धीच शेड चालवली त्यांनी. मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. त्यांचा मुलगा संदीप हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळे भिंतीवरून हलेनात. "कारखाना पुन्हा पूर्ण चालू करीन." तरी नाही. मला अण्णांचं दुखणं ठाऊक होतं. मी त्याच्या कानाशी लागलो, "त्या बँकेचं कर्ज घेणार नाही, म्हण."

संदीपने मान खाली घातली. "काका, परवाच सही केली. व्याज परत वाढायच्या आत."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.