मिसरच्या राजाची मीठरास

माजिवड्याच्या काळुरामचा आयुष्यभराचा प्रवास म्हणजे इकडे ठाण्याची खाडी आणि तिकडे कल्याणवरून शहाड. पण सगळं जग त्याच्या डोक्यावर होतं. ही अतिशयोक्ती नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाकडी पेटी, पेटीला तीन भिंगं आणि आत दोरीने सरकणारी बारा रंगीत चित्रं. लोक तिला सैरबीन म्हणायचे. मूठभर तांदूळ द्यावेत, भिंगाला डोळा लावावा आणि काळुरामच्या तोंडून पृथ्वीप्रदक्षिणा ऐकावी.

ही पेटी त्याच्याकडे आली एका म्हाताऱ्या परदेशी माणसाकडून. तो गावात तापाने पडला तेव्हा काळुरामच्या बायकोने, आवडाबाईने, त्याला महिनाभर पेज पाजली. जाताना त्याने पेटी दिली, पण कुठलं चित्र कशाचं हे सांगायला तो राहिला नाही. चित्रांखालची अक्षरं इंग्रजी, आणि काळुरामला मराठीही वाचता येत नव्हतं. मग त्याने जगाचा इतिहास स्वतःच लावला.

गळ्याभोवती चुणीदार पांढरं कापड बांधलेला, हातात पीस धरलेला टकला साहेब होता. पुढे पेटी बघून गेलेल्या एका शाळामास्तरांच्या मते तो विलायतेतला थोर नाटककार, पण काळुरामच्या राज्यात तो राणीचा कारकून. पोराच्या दंडाला सुई लावणारा डॉक्टर म्हणजे शीतळादेवीचा धाकटा भाऊ, बहिणीचा राग उतरवायला आलेला. देवी टोचणारा सरकारी माणूस दिसला की पोरं कडेवर घेऊन शेतात पळणाऱ्या बाया या चित्राला मात्र हात जोडायच्या. एका हौशी म्हातारीने पेटीपुढे नारळही फोडला होता.

सातवं चित्र मात्र त्याचं लाडकं. वाळूत तीन उंच टोकदार डोंगर आणि पायथ्याशी मुंगीएवढी माणसं. काळुरामचा बाप, आजा, पणजा मिठागरात राबलेले. वाळक्या जमिनीवर असा आकार दिसल्यावर तो दुसरं काय म्हणणार? ती मिसर, म्हणजे इजिप्त देशच्या राजाची मीठरास होती. गावातल्या जाणत्यांनी लगेच अडचण काढली, की एवढी रास पावसात विरघळत कशी नाही. काळुरामने क्षणही न दवडता सांगितलं की तिकडे पाऊसच पडत नाही. पुढे हे बरंचसं खरं निघालं, आणि विद्वान माणसांच्या बाबतीत एवढंही क्वचित घडतं.

सुएझचा कालवा खणून दहा-बारा वर्षं झाली असतील. ठाण्याच्या शाळेतले गुरुदत्त मास्तर एकदा वाट वाकडी करून आले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. काळुरामचं पुराण संपल्यावर ते म्हणाले, की हे मीठ नव्हे, दगड आहे. आत चार हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं मढं टिकवून ठेवायची सोय होती.

"मढं टिकवायला मीठच लागतं, मास्तर," काळुराम म्हणाला.

मास्तरांच्या पुस्तकातही मढी खारवल्याचं लिहिलं होतं. पण हरतील तर ते मास्तर कसले? त्यांनी विचारलं, "तू पाहिलंस का डोळ्यांनी?"

"नाय. तुमी?"

मास्तरांनीही पाहिलं नव्हतं. ते छत्री उचलून निघून गेले, पण प्रश्न मागेच राहिला. इतकी वर्षं काळुराम गावोगाव शपथेवर सांगत होता, आणि पाहिलं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. मीठ असो की दगड, ती रास एकदा खरीखुरी दिसावी. निदान ज्याने पाहिली आहे अशा माणसाच्या तोंडून ऐकावी. सातवं चित्र आलं की तो बोलता बोलता थांबायचा आणि लोकांना दोरी अडकली असं वाटायचं. आपणच जावं असं त्याने एकदा घरी बोलून पाहिलं. आवडाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "खाडीत होडीवर बसलात तरी उलटी होते. निघाले मिसरला."

मग राहिला धोंडीबा. शेजारच्या हौसाबाईचा हा मुलगा विलायतेच्या आगबोटीवर नोकरीला होता आणि दर खेपेला सुएझवरून जायचा. शिमग्याला तो घरी आला तेव्हा हौसाबाईने त्याला पुरणपोळी वाढली होती. त्याचा पहिला घास गिळून व्हायच्या आत काळुराम पेटीसकट दारात उभा. गावही मागोमाग जमलं, कारण मीठ की दगड यावर गावाचे दोन तट पडले होते.

धोंडीबाने तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "दादा, मी आगवाला. बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालतो. बोट कुठे लागली ते वरून कोणी ओरडलं तर कळतं. मी काय नाय पाह्यलं."

गाव हिरमुसून पांगलं. काळुराम पेटी उचलणार, तोच धोंडीबा खरकट्या हाताने उठला आणि भिंगाला डोळा लावून बसला. काळुरामने दोरी ओढायला सुरुवात केली. नदी, नदीवरचा मोठा पूल, पलीकडे घड्याळाचा मनोरा.

"हे कुठलं?"

"लंडन."

"इथे मी तीनदा गेलेलो," धोंडीबा म्हणाला, आणि त्याने ते चित्र पुढे सरकवू दिलं नाही. ताटातली पोळी गार झाली. हौसाबाई एरवी अन्न टाकलं की घर डोक्यावर घेणारी, पण त्या दिवशी तिने ताट नुसतं झाकून ठेवलं.

तो परत निघाला तेव्हा काळुराम त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेला आणि एवढंच म्हणाला, की सुएझला एकदा वर चढ.

धोंडीबा पुढल्या वर्षी आला, आणि या खेपेला आधी काळुरामकडे. तो वर चढला होता. सोबत्याला आपली पाळी देऊन सबंध दुपार उन्हात उभा राहिला होता. दोन्ही बाजूंना वाळू आणि मध्येच उंटवाले. शेवटी त्याने सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला विचारलं, तर सारंग हसला. त्या राशी कालव्यावरून दिसतच नाहीत. फार आत आहेत, तिकडे आगगाडीने जावं लागतं.

काळुराम ओट्यावर बसून होता. त्याने मीठ की दगड हे विचारलं नाही.

"कुठल्या अंगाला?" त्याने विचारलं.

"बोट जाताना डाव्या हाताला."

"आणि इथून?"

धोंडीबाने थोडा विचार केला. उन्हाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, मनाशी काही जुळवलं आणि येऊरच्या डोंगराच्या जरा उजवीकडे हात केला. काळुराम उठला, अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि तिकडे बघू लागला. डोंगरावर चार ताड होते आणि त्यांच्यामागे नुसतं आभाळ.

भात निवतो म्हणून आवडाबाईने आतून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती बाहेर आली, तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो बघत होता तिकडेही पाहिलं.

"आलोच," काळुराम म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.