नानांना थाई कुठं खाऊ घालायचं

बबनच्या टेम्पोत मागे क्रेट बसतात आणि पुढे, तिघांच्या जागेत, आम्ही चौघे. क्रेट पुण्यात रिकामे होतात. पुढची बाजू मात्र येताना जास्त भरलेली असते, कारण प्रत्येक खेपेला काहीतरी घडतंच. आता इतकं साठलंय की कोल्हारात माझ्या ठिबकच्या दुकानात कोणी पाइपचा जोड न्यायला आला तरी आधी विचारतो, "नानांचं पुढं काय झालं?" जोड नंतर.

म्हणून एकदा क्रमाने सांगतो.

* * *

साहेबराव माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने प्रवरेकाठच्या रानात अर्ध्या एकरावर शेडनेट टाकलं आणि त्यात पुण्याच्या हॉटेलांना लागणारा थाई माल लावला. गवती चहाचे जाड दांडे, थाई तुळस, थाई लिंबाची पानं, आल्यासारखं दिसणारं पण आलं नसलेलं गलांगल, आणि सुपारीएवढी हिरवी वांगी. माल जायला लागला. साहेबराव खूश होता. त्याचे वडील, म्हणजे नाना, खूश नव्हते.

नानांनी आयुष्यभर ऊस केला. पारावर कोणी विचारलं, "नाना, औंदा रानात काय?" की त्यांना "गवत" असं सांगावं लागे.

एका संध्याकाळी त्यांनी साहेबरावला समोर बसवलं. मी तिथेच होतो.

"हे जे तू पिकवतो, त्याचं जेवान तू खाल्लंय का?"

"न्हाई."

"ह्या दुकानदारानं?"

मीही नाही म्हणालो.

"मंग मला खाऊ घाल. पटलं तर राहू दे. न्हाई पटलं तर नेट काढायचं आन् आडसाली ऊस लावायचा. ज्याची चव घरात कुनालाच ठावं न्हाई, ते रानात ठेवायचं न्हाई."

रान नानांच्या नावावर आहे. आडसालीची लागण आषाढात. तेव्हा चैत्र चालू होता.

* * *

नाना जेवणाच्या बाबतीत साधा माणूस नाही, हे इथेच सांगायला हवं.

आमच्याकडे लग्नाची शेवटची पंगत उठली की आचाऱ्याला टॉवेल-टोपी देऊन त्याचा मान करतात. गावात हे काम नानांकडे असतं. एका लग्नात वांग्याच्या भाजीत वांगी कच्ची राहिली. पंगत उठली, आचारी हात पुसून मांडवात येऊन उभा राहिला. नानांनी पिशवीतली टोपी पिशवीतच ठेवली आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "वांगी शिजली न्हाईत."

त्याला बरीच वर्षं झाली. तो आचारी अजून नाना दिसले की रस्ता बदलतो. पुढे दुसऱ्या एका गावाने त्याला चांगला नावाजला, तरी कोल्हारचं काम त्याने पुन्हा घेतलं नाही.

* * *

पुण्यात थाई चांगलं कुठे मिळतं हे साहेबरावने ज्याला माल घालतो त्या व्यापाऱ्यालाच विचारलं. हा माणूस शहरातल्या निम्म्या थाई हॉटेलांना माल पुरवतो असं तो स्वतः सांगतो.

"थाई?" व्यापारी म्हणाला. "मला काय माहीत? मी मिसळ खातो."

मग बबन म्हणाला, "चिंता नको. माझ्या पाहन्यातलं एक ठिकान हाय."

ते ठिकाण म्हणजे वाघोलीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला लाल रंगाची गाडी. पाटीवर "चायनीज" मोठ्या अक्षरांत आणि खाली, नंतर रंगवलेलं, "व थाई". नानांनी समोर आलेल्या नूडल्स शेवटपर्यंत खाल्ल्या. ताटात टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. मग रुमालाने तोंड पुसलं.

"ह्यात आपलं काय हाय?"

आम्ही तिघांनी ताटलीत शोधलं. पान नव्हतं, दांडा नव्हता. कोबी होता.

"असलं तर आपल्या चौकात बी मिळतं," नाना म्हणाले. "तिथं निदान बसायला बाक हाय."

त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तोंड सुतळीने बांधलेलं. बबनने हळूच मला कोपर मारलं आणि म्हणाला, "भाकरी आनलीय म्हाताऱ्यानं. इस्वास न्हाई आपल्यावर."

* * *

दुसऱ्या खेपेला कोरेगाव पार्कात गेलो. काचेचं दार, मंद दिवे, पाण्यात सोडलेली फुलं. नानांनी बसताना फुलांना हात लावून नमस्कार केला.

सूप आलं. त्यात आमचाच माल तरंगत होता. गवती चहाचे तिरपे कापलेले दांडे आणि गलांगलाच्या चकत्या. साहेबरावचा चेहरा मुलगा स्टेजवर आल्यासारखा झाला.

आता, आम्ही उसाच्या मुलखातली माणसं. हातात दांडा आला की तो कसा खायचा हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. नानांनी दांडा दाढेखाली धरला, चावला, रस ओढला आणि चोथा काढून बशीत ठेवला. आम्हीही तेच केलं. गलांगल कडक होतं, पण टाकायचं नाही म्हणून तेही चावून गिळलं. थोड्या वेळात टेबलावर चोथ्याचे चार ढीग झाले.

वेटर आला. शांत मुलगा होता. बराच वेळ बघत राहिला.

"सर, हे खायचं नसतं."

"मंग घातलं कशाला?" नानांनी विचारलं.

"फ्लेवरसाठी, सर. बाजूला काढून ठेवायचं."

नानांनी चमचा खाली ठेवला. चायनीजच्या गाडीपेक्षा हे वाईट झालं, हे मला तिथेच कळलं. परतताना टेम्पोत ते पार सुप्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "लावायचं, खुरपायचं, तोडायचं, धुवायचं, इतक्या लांब आनायचं. आन् इथं आनून ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. सायबा, हे पीक न्हाई. ही शोभा हाय."

साहेबरावने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मला तर दाढेत अडकलेल्या गलांगलामुळे बोलताच येत नव्हतं.

* * *

तिसरी खेप बाणेरला. या वेळी साहेबरावने विचार करून तुळस घातलेली कोंबडी मागवली. तुळशीचं पान खातात, बाजूला काढत नाहीत, हा त्याचा मुद्दा.

नाना कोंबडी खातात. पण ताट समोर आल्यावर वाकून बघितलं.

"ही तुळस हाय?"

"थाई तुळस हाय, नाना. आपलीच."

"तुळस ती तुळस. देवाला वाहायची का कोंबडीत घालायची?"

त्यांनी एकेक पान चमच्याने बाजूला केलं, पेल्यातल्या पाण्यात धुतलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग कोंबडी खाल्ली. सगळी.

बाहेर येताना दारातल्या कुंडीपाशी थांबले आणि खिशातली पानं तिच्या मातीवर ठेवली.

"कोंबडी कशी हुती, नाना?" बबनने विचारलं.

"कोंबडीचा काय दोष?"

पिशवी तशीच बांधलेली होती.

* * *

चौथ्या ठिकाणी नाना आत गेलेच नाहीत. दारावरचा वॉचमन म्हणाला, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे, पिशवी दाखवा.

"खायाचं न्हाई त्यात," नाना म्हणाले.

"मंग दावा की, बाबा."

"दावनार न्हाई."

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी नाना म्हणाले, "तुमी खाऊन या, मला सांगा." ते वॉचमनच्या शेजारी बसले. आम्ही आत गेलो, पण मन लागेना. भात, कालवण जे आलं ते उरकून बाहेर आलो, तर दोघे मांडीला मांडी लावून वॉचमनच्या डब्यातली मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी खात होते. वॉचमन पाथर्डीकडचा निघाला. त्याच्या आईवडिलांनी आमच्याच पट्ट्यात ऊस तोडला होता. एका वर्षी तर त्यांची राहायची कोपी नानांच्या बांधाला होती.

"हितलं जेवान कसं असतंय?" नाना त्याला विचारत होते.

"मला काय म्हाईत, बाबा. मी गेटावर असतो."

गावात आल्यावर पारावर विचारणा झाली. नानांनी सांगितलं, "आजचं हाटेल बरं हुतं. मेथी जरा कमी शिजली हुती."

* * *

ज्येष्ठ लागला. साहेबरावने उसाच्या बेण्यासाठी, म्हणजे लागणीच्या कांड्यांसाठी, शब्द टाकून ठेवला. बेणेवाला आमच्याच गावचा, नात्यातलाच. नानांनी एकदा ठरवलं तर नंतर धावपळ नको, म्हणून.

नेटमधला माल त्या दिवसांत असा आला होता की बघत राहावं. साहेबराव सकाळी आत जायचा आणि काही न तोडता तासभर तिथेच बसायचा. मी एकदा हाक मारायला गेलो तर म्हणाला, "आलोच. जरा वास घेतो."

हे त्याच्या आईने, आक्कांनी, बघितलं. त्या दिवशी त्यांनी नेटमधून एक दांडा, लिंबाची चार पानं आणि मूठभर वांगी आणली आणि मोबाईलवर बघून चुलीवर थाई कालवण केलं. नारळाचं दूध घातलं. मोबाईलवरच्या बाईने सांगितलं ते सगळं घातलं. मग चव घेतली, आणि काळा मसाला घातला. नाना दोन भाकरी कुस्करून जेवले.

"पटलं?" साहेबरावने विचारलं.

"हिचं कालवान मला लग्नापासून पटलेलं हाय. त्यांचं इचार."

आक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी येते पुन्याला."

* * *

पाचव्या खेपेला म्हणून आम्ही पाच जण होतो, आणि मी मागे क्रेटमध्ये. आषाढ दोन दिवसांवर.

बबनने कल्याणीनगरच्या एका गल्लीत टेम्पो थांबवला. व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून तिथे तो नेहमी मागच्या दाराने माल उतरवत असे. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पुढून आत गेलो. पाच-सहा टेबलं. फुलं नाहीत, वॉचमन नाही. भिंतीशी साहेबरावचे रिकामे क्रेट उलटे ठेवून त्यावर पाण्याचे जग मांडलेले.

आक्कांनी वेटरला विचारलं, "वांगी घातलेलं कालवान हाय का?" हिरवं कालवण आणि भात आला.

नाना जेवायला लागले. आम्ही जेवतोय असं दाखवत होतो. त्यांनी भात कालवला, घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. लिंबाचं पान काढून ताटाच्या कडेला ठेवलं. दांड्याचा तुकडा त्याच्या शेजारी. गलांगलाची चकती त्याच्या शेजारी. कडेला ओळच लागली. मग त्या ओळीकडे बोट करून म्हणाले, "हे बघ, सायबा. हे आपलं पीक."

साहेबरावने मान खाली घातली.

आक्का आपल्या ताटातून वर न बघता म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून रोज कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवताय. मी कधी झाड तोडलं का?"

बबनला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं.

नानांनी कडेचा दांड्याचा तुकडा उचलला, वास घेतला, परत ठेवला. मग राहिलेला भात कालवणात कालवून ताट स्वच्छ केलं. शेवटचं वांगं त्यांनी बोटाने दाबून बघितलं आणि तोंडात टाकलं.

"आचाऱ्याला बोलवा."

वेटर घाबरला. "काही प्रॉब्लेम आहे का, सर?"

"बोलवा."

आतून एक बाई आली. बारीक अंगाची, चाळिशीची, मिझोरामकडची, डोक्याला काळं फडकं बांधलेलं. तिने हिंदीत विचारलं, "कुछ गलत हुआ, बाबाजी?"

नाना उभे राहिले. मांडीवरची पिशवी टेबलावर ठेवली आणि सुतळी सोडली. चैत्रापासून पहिल्यांदा. आत भाकरी नव्हती. नारळ, नवा टॉवेल आणि पांढरी टोपी होती. नानांनी नारळ तिच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि टोपी उचलली. तिथे अडकले. टोपी पुरुष आचाऱ्याच्या हिशोबाने आणलेली होती. बाईचा मान करायचा तर ओटी भरतात, टोपी घालत नाहीत. ते आक्कांकडे बघू लागले.

"घाला की," आक्का म्हणाल्या. "सैपाक तिनंच केलाय ना?"

तेवढ्यात साहेबरावचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि हाताने फोन झाकला.

"नाना, बेनंवाला इचारतोय. ट्रॉली भरू का, म्हनतो."

नाना त्या बाईच्या काळ्या फडक्यावर टोपी नीट बसवत होते. थोडी डावीकडे कलली होती, ती सरळ केली. एक पाऊल मागे होऊन बघितलं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "वांगी शिजली."

साहेबरावने फोन कानाला लावला आणि तेवढंच सांगितलं. बेणेवाला आमच्याच गावचा. त्याने पुढे काही विचारलं नाही.