बरामद म्हणजे वर आलेलं

खदानीच्या पाण्यातून काढलेली ती लोखंडी पेटी मी अजून विसरलेलो नाही. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि पावर हाउसजवळच्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो.

एका सकाळी भंडाऱ्याकडची एक बाई दिराला घेऊन आली. तिचा नवरा बांधकामावरून पडून वारला होता. त्याच्या जागी तिला काम मिळणार होतं. पण नवऱ्याचा पास आणि वारसाचा दाखला ज्या पेटीत होता, ती झोपडीतून चोरीला गेली होती. कागद दाखवायला तीनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी एका चहावाल्याने खबर दिली. सायकलवर पेटी बांधून एक माणूस मुरुमाच्या जुन्या खदानीकडे गेला होता. वर्णन दिराशी जुळत होतं.

दिराला बोलावलं. तासभर तो काही कबूल करेना. अशा वेळी लोक सहसा स्वतःचं काय होईल ते विचारतात. याने विचारलं, "वयनी जेवली का?"

मी आवाज खाली आणला, त्याला पाणी दिलं. मग तो रडत बोलला. वहिनीला कागद दाखवता आले नाहीत तर भावाची जागा आपल्याला मिळेल, म्हणून पेटी त्यानेच पाण्यात टाकली होती.

त्याने दाखवलेल्या जागी गळ टाकून आम्ही ती काढली. कागद मेणकापडात गुंडाळलेले होते. कडा भिजल्या, अक्षरं शाबूत राहिली. पंचनाम्यात मी 'मिळाली' लिहीत होतो, तर ठाण्याच्या म्हाताऱ्या हेड मोहर्रिरने, म्हणजे मुख्य कारकुनाने, 'बरामद' लिहायला लावलं. शब्द फारसी आहे, त्याने सांगितलं. 'बर' म्हणजे वर, 'आमद' म्हणजे येणं. दडलेलं वर आलं की ते बरामद.

कोर्टाच्या हुकमाने कागद वेळेत तिच्या ताब्यात दिले. अंगठा घेताना तिलाही तो अर्थ सांगितला.

"पेटी तं वर आली, साहेब," ती म्हणाली. "माझा दीर खालीच हाय. त्यालेबी काढा."

खटला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. तिचं म्हणणं मात्र मी जबाबात जसंच्या तसं लिहिलं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडलं. बाई कामावर रुजू झाली, आणि पुढे तिनेच ठेकेदाराला सांगून दिराला मिस्त्रीच्या हाताखाली लावून दिलं.

माल परत केला की आपलं काम संपलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. चोरी घरातली असली की फिर्याद देणाऱ्याचं आणखीही काही गेलेलं असतं, आणि ते फिर्यादीत येत नाही. तेव्हापासून जबाबावर सही घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारत असे, अजून काही सांगायचं आहे का.