ओल्या हाताचा दाखला

मी शाळेत गेलेलो नाही. निजामाच्या राज्यात गावची शाळा उर्दूत भरायची, आणि तिथंही आमच्या मांगवाड्यातल्या पोरांना उंबऱ्याबाहेर बसवायचे. दोन-चार महिने बाहेर बसलो, मग बापानं मला दोर वळायला घेतलं. अक्षरं आली ती पुढं, लगीन झाल्यावर, शुभवर्तमानातून, येशूच्या पुस्तकातून. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे जुने पाळक शेजारी मांडी घालून बसायचे आणि माझं बोट धरून एकेका शब्दाखालून सरकवायचे. त्यामुळं आजही बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. हसणारे हसतात. हसू द्या. याच बोटानं मी माझ्या पोरीचा शाळेचा दाखला वाचला, आणि वाचला म्हणून पुढचं सगळं झालं. न वाचता तसाच घडी घालून खिशात ठेवला असता तर पोरगी शिकली असती, असं माझी बायको मरेपर्यंत म्हणत होती.

आमचं घर मांगाचं. बाप जवानीत तेरणा नदीच्या पाण्यात उभा राहून ख्रिस्ती झाला. त्याला काय मिळालं, असं अजून लोक विचारतात. तांदूळ मिळाला का, दूध पावडर मिळाली का. काही मिळालं नाही. गाव म्हणायचं, "येशू झाला म्हणून काय झालं, दोर वळतोय म्हणजे मांगच." आमच्या वाड्याला विहीर नव्हती. आमच्या बायका गावच्या विहिरीच्या कट्ट्याखाली घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली की वरून ओतायचं, नाही आली तर बसायचं. आणि त्या विहिरीच्या रहाटावरचा दोर कुणाचा? माझा. अंबाडी मी भिजवलेली, तिच्या सालीचा वाख मी काढलेला, पीळ मी भरलेला. माझा दोर रोज विहिरीत बुडी मारून यायचा, त्यानं पाणी बाटत नव्हतं. मी कट्ट्यावर पाय ठेवला की बाटायचं. हे गणित मला अजून कुणी सोडवून दिलेलं नाही.

मी ख्रिस्ती राहिलो तो निव्वळ बापाचं बघून नव्हे. एका साली पटकीच्या साथीत माझी दोन लेकरं आठ दिवसांत गेली. घरात माणूस यायला तयार नव्हता, वाड्यातलीसुद्धा नाही. तेव्हा जुने पाळक चालत आले. आत आले, आमच्या घागरीत आपल्या हातानं तांब्या बुडवला, पाणी प्याले आणि माझ्यासंगं खड्डा खणायला आले. जाताना म्हणाले, "मी आलो न्हाई बाबा, मला धाडलंय." ज्यानं त्यांना धाडलं त्याचा मी त्या दिवशी पक्का झालो. त्या आधी नुसता बापाचा पोरगा होतो.

त्यानंतर एकच लेकरू जगलं, ती ही पोरगी. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला त्या सुमाराला ती चौथी पास झाली, शाळेत पहिली आली. आता शाळा मराठी होती आणि पोरं आत बसायची, एका कडेला का होईना. पण गावात शाळा चौथीपर्यंतच. तालुक्याच्या गावी मागासलेल्या जातीच्या मुलींसाठी सरकारचं वसतिगृह निघालं होतं. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथंच. मास्तरांनी स्वतः बोलावून दाखला दिला. मास्तर तुळजापूरकडचे, मनानं चांगले. हे मी आजही म्हणतो.

दाखला घेऊन निंबाखाली बसलो. मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं. पोरीचं नाव वाचलं, माझं नाव वाचलं, गाव वाचलं. बोट धर्माच्या रकान्यावर आलं. तिथं लिहिलं होतं, हिंदू. पुढं जात, मांग. पुन्हा वाचलं. मग उठून उलट पावली शाळेत गेलो.

"मास्तर, हे चुकलंय."

मास्तर हसले. "चुकलं नाही रे. पहिलीत नाव घातलं तेव्हापासून रजिस्टरात तसंच आहे. तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय मी."

"मला इचारलं व्हतं का?"

"त्यात काय विचारायचं? ख्रिश्चन लिहिलं तर वसतिगृहात घेत नाहीत. सरकारचा नियम आहे. धर्म बदलला की जात गेली, आणि जात गेली की सवलत गेली."

"जात गेली?" मी म्हणलं. "कुठं गेली, मास्तर? तुमच्या हिरीवर हाय का? जाऊन बघून येऊ का?"

मास्तरांचं हसू गेलं. "हे बघ, तू देव कुणाचा धरायचा तो मनात धर. कागद कागदाच्या जागी राहू दे. पोरीचं वाटोळं करू नकोस."

चार वर्षं माझी पोरगी त्या रजिस्टरात दुसऱ्याच कुणाच्या घरची होती, आणि ते मला कुणी सांगितलंही नव्हतं. गुरं बदलतानासुद्धा मालकाला विचारतात. मी म्हणलं, दुरुस्त करा. मास्तर म्हणाले, अर्ज लागेल. लिहा म्हणलं. त्यांनी लिहिला आणि शाईची डबी पुढं सरकवली, अंगठ्यासाठी. मी डबी बाजूला केली आणि टाक मागून सही केली. वाकडी झाली, पण सही झाली.

घरी सांगितलं तर बायकोनं भाकर थापता थापता हात थांबवला. "आणि पोरगी?"

"प्रभू बघंल."

"प्रभूनं मास्तरच्या हातनं बघितलंच व्हतं की. तुमी खोडून आलात." मग तव्याकडं बघत म्हणाली, "हा तुमचा हट्ट हाय का प्रभूची मर्जी हाय, ते एकदा ठरवा तुमी."

मला राग आला. खरं बोललं की मला राग येतो, तेव्हाही यायचा.

त्याच आठवड्यात नवे पाळक सायकलवर आले. जुने पाळक बदलून गेले होते. नव्यांचं वय कमी, कपडे इस्त्रीचे. मला वाटलं, हा माणूस तरी पाठीवर हात ठेवील. ते खाटेवर बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "दादा, देव अंतःकरण बघतो. कागद बघत नाही. आपल्या मंडळीतल्या पुष्कळांनी तसंच लिहून घेतलंय. लेकरं शिकतायत त्यांची."

"रविवारी ख्रिस्ती आन सोमवारी हिंदू?"

"तसं नव्हे. नुसती सोय असते ती."

"पाळकसाहेब," मी म्हणलं, "देव कागद बघत न्हाई, तर माझ्या बापाचा बाप्तिस्मा तुमच्या वहीत कशाला लिवून ठिवलाय? ती वही पेटीत घालून कुलूप कशाला लावता?"

ते चहा अर्धा ठेवून उठले. पुढं कितीतरी रविवार आमच्या बाकाकडं त्यांनी बघितलं नाही. मी मात्र एकही उपासना चुकवली नाही. ते प्रभूचं देऊळ, त्यांच्या बापाचं नव्हतं.

आता सांगतो, मी हिंदूंचा वैरी म्हणून हे केलं नाही. माझे शेजारीपाजारी सगळे हिंदू, पोळ्याला माझेच कासरे त्यांच्या बैलांना. बेंबळीकडून माणसं कासरे न्यायला यायची. ज्याचा त्याला देव. पण येशूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी उभं राहून "मी त्याला वळखत न्हाई" म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट मी बोट ठेवून वाचलेली. त्याला निदान जिवाची भीती होती. मला फक्त वसतिगृहाचं जेवण दाखवत होते. तेवढ्यावर मी माझ्या पोरीच्या तोंडून नाही म्हणवून घेऊ? माझ्या घागरीतलं पाणी प्यालेल्या माणसाला काय तोंड दाखवू?

तरी मी ठरवलं, वसतिगृहाची जागा तशी सोडायची नाही. ख्रिस्ती लिहिलेला दाखला घेऊनच मागायची. खरं तेच सांगायचं, की जात काही सुटलेली नाही, गाव सोडूच देत नाही. पोरीला धुतलेलं परकर-पोलकं घातलं, तिनं पाटी-पुस्तकाची पिशवी घेतली. कळंबच्या बाजारासाठी वळलेले दोर घरात पडले होते, ते खांद्यावर टाकले, म्हणलं येताना कुणी घेतले तर घेतले. दोघं पहाटेच चालत निघालो.

कचेरीत कारकून होता. दाखला हातात घेतला, रकाना बघितला, परत केला.

"ख्रिश्चन आहे. बसत नाही."

"साहेब, आमी मांगच हाव की. गावात इचारा."

"ख्रिश्चनांत जात नसते."

"आमच्यात नसंल, पर गाव मानतंय ना."

"गावाचं मला सांगू नका. कागदावर काय आहे ते बोला. आधीचा दाखला बदलून आणलास म्हणे तू? मास्तरची चिठ्ठी आलीय." त्यानं मान हलवली. "स्वतःच्या हातानं पोरीच्या ताटात माती कालवलीस. अजूनही जा, पहिल्यासारखं करून आण, मी घेतो."

उन्हं चढली होती. पोरीला तहान लागली. बाहेर ओसरीवर पाण्याचा रांजण होता, शेजारी शिपाई बसलेला. त्याच्या मागं भिंतीवर सरकारचा छापील कागद चिकटवलेला होता. मी लांबूनच हवेत बोट सरकवत सावकाश वाचला. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, असं त्यावर होतं.

"पाणी मिळंल का पोरीला?"

शिपायानं खांद्यावरचे दोर बघितले. "कोण रं तुमी?"

"ख्रिस्ती."

"ते हाय रं. पर आसल कोण? दोरवाले म्हंजे मांगच न्हवं?"

त्यानं तांब्या भरला, उभा राहिला आणि हात उंच करून म्हणाला, "धर ओंजळ." पोरीनं ओंजळ धरली. तांब्या तिच्या हाताला लागू नये म्हणून हातभर वरून धार सोडली. अर्धं पाणी पोलक्यावर सांडलं. मग म्हणाला, "तू बी पी." मी ओंजळ धरली. पण प्यालो नाही. तसाच आत गेलो. बोटांतून पाणी गळत होतं, फरशीवर थेंब पडत होते. कारकुनाच्या टेबलापुढं दोन्ही हात धरले.

"साहेब, ह्यो बघा माझ्या जातीचा दाखला. आत्ताच तुमच्या वसरीवर मिळाला. मास्तरचा चालत न्हाई ना, मग ह्यो चालवा!"

कारकुनानं आधी हाताकडं बघितलं, मग आपले कागद भिजू नयेत म्हणून मागं ओढले. आणि म्हणाला, "यावर शिक्का लागतो."

सगळे हसले. पलीकडच्या टेबलावरचा तर टेबल बडवून हसला. मला त्या हसण्याचा आवाज अजून येतो. त्यांच्या विहिरीवर मी मांग आणि त्यांच्या टेबलावर ख्रिस्ती. जिथं मार खायचा तिथं जात माझी, आणि जिथं काही मिळायचं तिथं ती गेलेली. ही अक्कल ज्यानं काढली तो शिकलेला असणार, माझ्यासारख्याला सुचायची नाही.

परतीच्या वाटेवर दोन कोस चालल्यावर पोरीनं विचारलं, "आबा, मास्तरनी लिवलेलं तसंच ऱ्हाऊ दिलं असतं तर?"

"तर आपुन खोटं झालो असतो."

"पर मी शाळेत असते."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथं सांगत नाही. अकरा वर्षांच्या लेकराला बोलायचे शब्द ते नव्हते.

शाळा सुटली ती सुटली. ती माझ्याबरोबर दोर वळू लागली. एकानं टोक धरून बसायचं आणि दुसऱ्यानं पीळ भरत उलटं चालत जायचं, अशी ती रीत. मी बसायचो, ती उलटी चालत लांब जायची. कमरेला तिनं शुभवर्तमान बांधलेलं असायचं. दम खायला थांबली की उघडायची. बोट न ठेवता घडाघडा वाचायची. पुढं रविवारी मंडळीपुढं वाचन तीच करायची, आणि नवे पाळकसुद्धा अडले की तिच्याकडं बघायचे. लगीन होऊन ती लांब गेली.

बऱ्याच वर्षांनी ती तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीला पाचवीत घालायचं होतं. पिशवीतून फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवला. "आबा, बघा बरं नीट भरलाय का." तिला काय माझी गरज! पण मी चष्मा लावला, बोट ठेवलं. नाव, बापाचं नाव, गाव. धर्माच्या रकान्यावर बोट थांबलं. तिच्या वळणदार अक्षरात होतं, ख्रिस्ती.

नियम तोवर बदललेला नव्हता. आजही बदललेला नाही.

मी मान वर केली. मला वाटलं, आता ती म्हणेल, आबा, तुमचं बरोबर होतं. मी त्याची वाटच बघत होतो म्हणा.

ती म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई लिवलं. प्रभू माझा हाय, म्हणून लिवलं. आन तिला इचारून लिवलं." मग फॉर्म घडी करून पिशवीत ठेवत म्हणाली, "माझी शाळा तुमी घालवली, ते मी इसरले न्हाई, आबा. कारकुनानं बी घालवली, पर तुमी बी."

बायको चुलीपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण भाकर थापणं थांबवलं.

मला आयुष्यभर कधी उत्तराची वाण पडली नाही. मास्तरला दिलं, पाळकाला दिलं, कचेरीत भर टेबलापुढं दिलं. त्या दिवशी मात्र "व्हय" एवढंच म्हणलं. लई उशिरा म्हणलं, पण म्हणलं. अर्धा वळलेला दोर अंगणात पडला होता. मी उठलो, तिला टोक धरून बसायला सांगितलं, आणि पीळ भरत मीच उलटा चालत गेलो.