मंडळीचा निरोप

आमचं मंदिर बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं, त्या वर्षी माझी प्रार्थना अगदी कोरडी झाली होती. गुडघे टेकायचो, डोळे मिटायचो, आणि मनात यायचं काय, तर छपरावरची कवेलू फेरायला माणूस कुठून आणावा, शाळेतल्या सहामाहीचे पेपर कधी तपासून व्हायचे. विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. पण रोज ज्याच्या दाराशी जावं त्यानं आतून साधं ‘कोण आहे’ म्हणूनही विचारू नये, तसं वाटायचं. स्वभाव माझा मुळातच तापट, त्यामुळे मला त्याचा रागही यायचा.

सिंदीला रेल्वेच्या पलीकडे आमचं विटांचं लहानसं मंदिर होतं आणि त्याला लागूनच आमचं घर. आम्ही ख्रिस्ती, प्रेस्बिटेरियन पंथाचे. आमच्यात मंडळीच आपल्यातून वडील निवडते, आणि ते वडील पाळकांच्या, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या, जोडीनं कारभार पाहतात. मीही एक वडील होतो. शेवटी शेवटी तर एकटाच उरलो होतो. ‘मंडळी’ हा आमचा रोजचा शब्द. एका मंदिरात मिळून उपासना करणारी माणसं म्हणजे मंडळी. मंडळी वाढली, मंडळी थंड पडली, मंडळीचं जेवण, मंडळीची सभा. लहानपणापासून तो शब्द तोंडात इतका बसला होता, की बाहेरच्या जगात त्याला दुसराही अर्थ आहे हे मी मराठीचा मास्तर असून साफ विसरून गेलो होतो.

सत्तरच्या दशकाची ती अखेर. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेली आमची कुटुंबं एकामागून एक नागपूरला गेली. काही समुद्रपूरकडे शेतीत रमली आणि नाताळपुरती उरली. हिंगणीची घरं तुटली ती वेगळ्याच कारणानं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ याकोब, तिथे धरणाच्या कामावर होता. तो ढोलकी अशी वाजवायचा की मंदिराबाहेरून जाणारी माणसं थांबायची. एका प्रभुभोजनाच्या रविवारी तेव्हाचे पाळक म्हणाले की या पवित्र विधीला ढोलकी शोभत नाही. मला ते पटलं होतं आणि मी तसं बोललो. याकोबनं चालू गीतात ढोलकी खांद्याला अडकवली आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागून हिंगणीची सगळीच घरं गेली. त्यानंतर कुठे गाठ पडली तर लांबूनच ‘सलाम’ व्हायचा. बहिणीला तो नाताळात फराळाचा डबा पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

अशात प्रेस्बिटरीकडून, म्हणजे आमच्या सगळ्या मंडळ्यांवरच्या सभेकडून, कळलं की येत्या रविवारी नागपूरहून पाळकसाहेब दोन वडिलांना घेऊन येतील, उपासनेला किती माणसं जमतात ते पाहतील, आणि मग आम्हाला वर्ध्याच्या मंडळीत मिळवून मंदिराला कुलूप लावायचं की नाही ते ठरेल. मला वर्ध्याला जाणं जड नव्हतं, गाडीत बसलं की झालं. पण आमची म्हातारी मार्थाबाई गुडघ्यांनी अधू होती. घरापासून मंदिरापर्यंत भिंत धरून यायची आणि खिडकीजवळच्या खांबाला टेकून बसायची. तिला गाडीत कोण चढवणार? ती म्हणाली, “देव वर्ध्याले जाते तं जाऊ दे, मी इथंच बसतो खांबापाशी.” ते ऐकून मी उठून परसात गेलो, कारण मला रडू येत होतं.

माझ्या बायकोनं सुचवलं की दादाला एक निरोप पाठवून बघा. ती दवाखान्यात नर्स होती. सगळा तालुका तिला सिस्टरबाई म्हणायचा, आणि आसपासच्या कितीतरी घरांतली मुलं तिच्या हातावर जन्मलेली. मी आधी नाही म्हणालो. मग मुकाट्यानं एसटी स्टँडवर गेलो. हिंगणीच्या गाडीवर तुळशीराम नावाचा कंडक्टर असायचा. कुणब्याच्या घरचा, भला माणूस. रस्त्यावरच्या साऱ्या गावांचे निरोप त्याच्याच तोंडून फिरायचे. मी त्याला म्हणालो, “याकोबला सांगा, मंडळीचं आता काही खरं नाही. रविवारी नागपूरचे साहेब येऊन शेवटचं पाहणार आहेत. यायचं तर तेव्हाच ये म्हणावं, मागून येऊन उपयोग नाही.”

तुळशीरामचा चेहराच उतरला. “कवापासून असं चालू हाये, मास्तर?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “दोन-तीन वर्षं झाली. हळूहळू खंगतच चालली आहे.”

“आन् आमाले सांगतलं बी नाई?”

“तुम्हाला काय सांगायचं? हे आमच्या घरचं दुखणं.”

“असं कसं म्हणता, मास्तर? आमचं काईच लागत नाई का?” असं म्हणून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते. मी घरी येताना सारखा त्याचाच विचार करत होतो. आमच्या प्रार्थनेला कधी न आलेला हा माणूस, त्याला आमच्या मंदिराची एवढी कळकळ, आणि आमचीच माणसं अशी. मला तुळशीरामचा आदर वाटला आणि याकोबचा आणखीच राग आला.

रविवारी पहाटे मी मंदिर झाडलं, सतरंज्या अंथरल्या आणि तिथेच गुडघे टेकले. सुंदर प्रार्थना सुचेना. एवढंच म्हणालो, “प्रभू, ही मंडळी तुझीच. ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने. मी आता ओढाताण करणार नाही.” हे बोललो आणि आत काहीतरी सैल झालं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला त्याच्यासमोर नुसतं बसून राहावंसं वाटलं.

पाहुणे सकाळच्या पॅसेंजरनं आले. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे नेहमीची दोन घरंसुद्धा शेतात. उपासनेला मार्थाबाई, मी, डोक्यावर पदर घेऊन पुढे बसलेली माझी बायको आणि स्टेशनवरच्या एका कारकुनाचं कुटुंब, एवढेच. पाळकसाहेबांनी एकदा मागे पाहिलं आणि गीत सुरू करायला सांगितलं. आमचा आवाज छपरापर्यंतही पोचत नव्हता. दुसऱ्या कडव्याला बाहेर एसटी थांबल्याचा आवाज आला. तिथे एसटी कधीच थांबत नसे. पाठोपाठ दोन बैलगाड्याही आल्या. माणसांचा गलका आमच्या घराकडे गेला, घराला कुलूप पाहून थबकला, आणि मग गीताच्या आवाजाच्या रोखानं सगळे मंदिराच्या दारात आले.

पुढे याकोब होता. त्याच्यामागे हिंगणीची सगळी घरं, समुद्रपूरची आमची माणसं, आणि त्यांच्याहून जास्त म्हणजे गावोगावची हिंदू मंडळी, बायका तोंडाला पदर लावून, काही लेकरं कडेवर. सगळ्यात मागे तुळशीराम. याकोबच्या हातात घडी न मोडलेली हिरवी साडी होती. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरची असते. मला काहीच उमगेना. माझी बायको मागे वळली आणि भावाला पाहून उठून उभी राहिली.

“दादा, काऊन रडून राह्यला? कोण गेलं?” तिनं विचारलं.

याकोब दारातच मटकन खाली बसला. “तूच चालली म्हणून निरोप आलता, बाई,” तो म्हणाला.

सगळे तुळशीरामकडे वळले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “मास्तरच बोलले ना, मंडळीचं काई खरं नाई म्हणून. मी तसंच सांगतलं सगळ्याईले.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे जुनी माणसं चारचौघांत बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असाच करतात. तुळशीरामनं तोच अर्थ घेतला, नागपूरचे साहेब म्हणजे मोठे डॉक्टर असं धरलं, आणि सिस्टरबाई शेवटच्या घटका मोजतेय हे हिंगणीपर्यंतच नव्हे तर दुसऱ्या कंडक्टरकरवी समुद्रपूरपर्यंत पोचवलं. मार्थाबाई पहिली हसली. मग सगळं मंदिर हसलं, रडत रडत हसलं, आणि माझी बायको त्या गर्दीत एकेका बाईच्या गळ्यात पडत राहिली.

माणसं परत गेली नाहीत. सतरंजी पुरेना म्हणून पोत्यांवर बसली. याकोबकडे ढोलकी नव्हती; मरणाच्या घरी ढोलकी कोण नेतो? त्यानं कोपऱ्यातलं धान्याचं रिकामं पिंप उपडं केलं आणि त्यावर ठेका धरला. मला वाटतं पाळकसाहेबांचाही पाय हलत होता. त्या रविवारी त्या छपराखाली जे गाणं झालं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

उपासना संपल्यावर पाहुण्यांपैकी एक वडील प्रसन्न होऊन म्हणाले की मंडळी तर चांगली भरली आहे, बंद करण्याचा प्रश्नच कुठे येतो. मी गप्प बसलो असतो तर मंदिर वाचलं असतं. पण पहाटे ज्याच्या हाती सोडलं ते खोटेपणानं परत कसं ओढायचं? मी उभा राहिलो आणि सांगितलं की ही माणसं उपासनेला आलेली नाहीत, माझ्या बायकोच्या मरणाला आली आहेत. दर रविवारी आम्ही इथे तुम्ही सकाळी पाहिले तेवढेच असतो, फार तर आणखी दोन घरं. मग याकोब उठला.

“साहेब, मास्तर खरं बोलून राह्यले,” तो म्हणाला. “मंडळी मरते म्हणून निरोप आला असता तं मी आलो नसतो. बहिणीसाठी आलो. पण आता आलोच हावो, तं हिले बी डोळ्यापुढं मरू देऊ का?”

पाळकसाहेबांनी त्याला विचारलं की पुढच्या रविवारी येशील का. याकोब म्हणाला, “पुढच्या नाई, कापूस हाये. वेचणी झाली का येतो. ढोलकी घेऊन येतो.” पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “येऊ द्या ढोलकी.” मंदिराला वर्षभराची मुदत मिळाली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तेवढेच होतो. चमत्काराच्या दुसऱ्या दिवशीही सतरंजी आपल्यालाच झाडावी लागते, हे मला तेव्हा कळलं. पण वेचणी संपली आणि याकोब आला. त्याच्यामागून हिंगणीची घरं आली. समुद्रपूरची माणसं महिन्यातून एकदा येऊ लागली. आमची संख्या कधी फार वाढली नाही, पण कुलपाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, आणि मार्थाबाई अखेरपर्यंत आपल्या खांबाला टेकून बसली. माझी बायको ती हिरवी साडी दर ईस्टरला नेसायची. “माझ्या मरणावर उभी आहे ही मंडळी,” म्हणून मला चिडवायची, आणि त्या पहाटेची माझी प्रार्थना कळल्यापासून तर जास्तच. “न्यायची तर ने म्हणाले का हो तुम्ही? मोठे उदार!”

प्रार्थना कोरडी पडण्याआधी मी किती शहाणपणानं देवाकडे माणसं मागितली होती. त्यानं माझा एक बेसावध शब्द घेतला, दुसऱ्याच्या कानात दुसराच करून टाकला आणि मी मागितलेली माणसं दिली, न मागितलेलीही दिली. ज्या मेहुण्यावर मी रागावून बसलो होतो त्याच्याच हातून दिली. तेव्हापासून मी प्रार्थनेत शब्द फार जुळवत नाही.

ऐंशीच्या दशकात, कापसाच्याच दिवसांत, माझी बायको खरोखर गेली. त्याच हिरव्या साडीत आम्ही तिला घरात निजवलं. निरोप पाठवायला मी स्टँडवर गेलो तेव्हा गाडीवर तुळशीरामच होता, निवृत्तीला आलेला. “मंडळी गेली,” मी म्हणालो. चुकू नये म्हणून, फार हळू आवाजात त्यानं विचारलं, “कोणती, मास्तर?”

“घरची,” मी म्हणालो.

“आन् देवळातली?”

“ती पहाटेपासून घरी येऊन बसली आहे, तिच्याजवळ.”