जुन्या गाडीच्या इंजिनावर ठेवलेला हात

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. ऑफिसात कुणी असलं काही सांगायला लागलं, तर "पुरावा आण, मग बोलू" म्हणून त्याला गप्प करणारीही मीच. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण लिहिते.

मी पोलादपूरला राहते, माहेर महाडचं. महाडला अब्बांचं गॅरेज होतं. अब्बा गेल्यापासून अम्मी माझ्याकडेच असते आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी महाडला न्यावं लागतं. गेल्या थंडीत परत येताना भाड्याची गाडी हायवेवरच बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत अम्मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती, कुडकुडत. तेव्हाच ठरवलं, आता स्वतःची गाडी. नवी झेपणारी नव्हती. जुनीच घ्यायची, पण वाटेत दगा न देणारी.

आमच्याच गावातल्या मोरे काकांची डिझेल गाडी विकायची होती. रविवारी सकाळी बघायला गेलो. अम्मी हट्टाने बरोबर आली आणि काकांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली. अब्बांच्या हाताखाली तयार झालेला सलीम मुद्दाम महाडहून आला होता. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे.

त्याने आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. मग सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बाहेर काढला.

"पुरातली नाय रे बाबा," काका हसले.

"काका, महाडवाले आम्ही. सख्ख्या भावाची गाडी असली तरी बघणार."

मला अब्बाच आठवले. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आत गुंडाळलेल्या टोकावर गाळ राहतोच, हे त्यांचं वाक्य. बेल्ट नाकाला लावून वाससुद्धा घ्यायचे आणि अम्मी कपाळाला हात लावायची. काय दिवस होते ते!

गाडी सुरू झाली. सलीमने सायलेन्सरचा धूर पाहिला, ऑइलचं झाकण काढून आत डोकावला आणि डोकं खाजवलं.

"आपा, तशी बरी हाय. पण अम्मीला घेऊन जायचंय म्हटल्यावर छातीठोक सांगवत नाय. उस्ताद असते तर हात लावून सांगितलं असतं."

तो आत बसून रेस द्यायला लागला. काका ओट्यावर अम्मीशी बोलत होते. बॉनेटपाशी मी एकटीच. एका हातात मोबाइल होता. दुसऱ्या हाताचा तळवा मी इंजिनावरच्या, ऑइल ओतायच्या उघड्या तोंडावर ठेवला. लहानपणी अब्बा मला खोक्यावर उभं करून हेच करायला लावायचे. "घाबरतेस काय गो? हात ठेव. श्वास कसा घेतंय बघ." इंजिन झिजलेलं असलं तर आतून हवेचा असा फटका बसायचा की हात उडायचा. चांगलं असलं तर मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटायचं. मी हात काढून घेऊ नये म्हणून अब्बा वरून आपला हात दाबून धरायचे.

...आणि तो हात आला.

माझ्या हातावर. खरखरीत, ऊबदार, पुरेपूर वजनाचा. अब्बांच्या उजव्या हाताचं मधलं बोट फॅनबेल्टमध्ये अर्धं गेलेलं होतं. या हाताचंही मधलं बोट अर्ध्यावरच संपत होतं. मी मान वर केली नाही. वर पाहिलं तर तो जाईल, अशी भीती वाटली. भुताची नाही हो, तो जाण्याची! तळव्याखाली इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सलीमने गाडी बंद केली. हातावर काहीच नव्हतं.

ओट्यावर गेले तर अम्मीने माझा हात ओढून घेतला आणि ओढणीने पुसायला लागली. मध्येच थांबली. हाताच्या मागच्या बाजूला ऑइलचे काळे पट्टे उठले होते. मधला आखूड.

"हात कुणी धरलेला गो?"

"कुणी नाही अम्मी."

तिने त्या आखूड पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग ओढणी बाजूला घेतली.

"राहू दे," म्हणाली. "गाडी घे."

घेतली. अजूनपर्यंत एकदाही वाटेत थांबलेली नाही. सलीमचं म्हणणं, झाकण ठेवताना माझाच हात कुठेतरी घासला असेल. असेलही. अम्मीकडे मी तो विषय परत काढलेला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मात्र पीठ मळायचं होतं, म्हणून हात धुवावा लागला. नळ सोडला आणि कितीतरी वेळ त्या पाण्याखाली हात घालवेना.